मान वर करून वाचताना

नव्यानं लिहिणाऱ्या मुलांना काहीतरी सांग, असं मराठीच्या मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझा एकच लेख छापून आलाय, तोही कॉलेजच्या वार्षिक अंकात. शिवाय मला लिहायची अजून भीती वाटते. मग वाटलं, तेच सांगावं.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. घर कामठीला, कॉलेज सदरला. बाबा यंत्रमागावर काम करतात. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. बाबा घरीही तसंच बघायला लागले. त्यांना कमी ऐकू येतं, हे घरात कुणी मानत नव्हतं. मी ते लिहिलं.

मॅडमना लेख आवडला. "बाबांना वाचून दाखवलास?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "आधी दाखव, मग छापू."

परतताना शेअर ऑटोत मनात तेच चाललं होतं. मागांच्या मालकानं वाचून बाबांना कामावरून काढलं तर? आणि बाबा काहीच न बोलता उठून गेले तर?

जेवणं झाल्यावर मी कागद काढले आणि खाली बघून भराभर वाचायला लागले.

"मान वर कर ना वं," बाबा म्हणाले. "तोंडच नाही दिसून राहिलं."

त्यांच्या ओठ वाचण्यावर मी दोन पानं लिहिली होती, आणि हेच मला सुचलं नव्हतं. मग एकेक वाक्य बघायचं, मान वर करायची आणि त्यांच्याकडे बघत म्हणायचं. काही वाक्यं तोंडातून निघेनात. 'शांततेच्या विहिरीत बुडालेला माझा बाप' हे तर मी अर्ध्यातच सोडलं.

"कोन बुडालं?"

"कोणी नाही, बाबा."

"इतके वर्षं मी बोंबलून राहिली, त कोनाले पटलं नाही," आई भांडी घासत म्हणाली. "आता छापून येईन, तवा पटन."

"मालकाले समजलं तर?" मी बाबांना विचारलं.

"त्याले तं माह्याहून कमी ऐकू येते." बाबा हसले.

मग लग्नघरातल्या बाबांबद्दलचं एक वाक्य आलं. ते म्हणून झालं आणि त्यांचं हसू गेलं.

"हे नको छापू."

"काहून?"

"मंग मले कोनाच्या लग्नात जाता येनार नाही."

मॅडमनी नेमकी त्याखाली कौतुकाची रेघ मारली होती. मी ते बाबांसमोर खोडलं. इथेही लिहीत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच: ज्याच्याबद्दल लिहाल, त्याला तोंडाकडे बघून वाचून दाखवा. जे म्हणताना लाज वाटते, ते बहुतेक उगाच सजवलेलं असतं, ते काढा. जे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, ते ठेवायचं की नाही हे त्यालाच विचारा. भीती यानं जात नाही. पण नेमकं कशाला घाबरतोय, ते तरी कळतं.

अंक आला आणि बाबा तो कौतुकानं कामावर घेऊन गेले. संध्याकाळी रिकाम्या हातानं आले.

"मालकानं ठेवून घेतला."

"वाचला का त्यांनी?"

"वाचून राहिला असन."

अंक अजून परत आलेला नाही. बाबा रोज कामावर जातात. मी नवीन लेख घेऊन बसते, पण ते दारात दिसेपर्यंत एक ओळ धड होत नाही. ते आले की लिहिते.