दिसणारा रफू

रफूवाल्या मावशींचं टेबल तीस वर्षं लाँड्रीच्या खिडकीशी होतं. कपड्याच्या आतल्या शिवणीतूनच धागा ओढून घ्यायचा आणि भोक असं बुजवायचं, की ज्याचा कपडा त्यानेही तो उलटसुलट करून हात टेकावेत. देवाने बोटांतच काहीतरी घालून पाठवलं होतं, दुसरं काय म्हणायचं!

मग कपडे स्वस्त झाले. फाटलं की फेका, नवं आणा. मावशींचं टेबल खिडकीपासून हलून इस्त्रीमागे गेलं, तिथून हँगरच्या दांडीखाली. एक दिवस लाँड्रीवाले भाऊ मान खाजवत म्हणाले, "मावशी, या जागी कपडे सुकवायचं मशीन बसवायचंय. एक तारखेला येतंय."

मावशी नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या दिवशी सुईत दोरा ओवताना चारदा चुकल्या.

त्याच आठवड्यात एक मुलगी निळा स्वेटर घेऊन आली. कोपराशी पार विरलेला.

"पिवळ्या लोकरीने करा. लांबून दिसलं पाहिजे."

"अगं, लोक झाकायला येतात, तू मिरवायला आलीस?"

"बाबांचा आहे. टेबलावर कोपर टेकून पेपर वाचायचे. ती जागा मला पुसायची नाहीये, मावशी."

मावशींनी स्वेटर घेतला. पण जन्मभर लपवलेलं काम उघड्यावर आणायचं म्हणजे परीक्षाच. टाका वाकडा गेला तर चारचौघांत दिसणार! दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा पिवळी चौकट अशी बसली, की भाऊ इस्त्री उभी ठेवून बघतच राहिले.

मुलीमागोमाग तिच्या मैत्रिणी आल्या, मग मैत्रिणींचे भाऊ. कुणाला पँटच्या गुडघ्यावर हिरवा रफू हवा, कुणाला कॉलरवर केशरी. फॅशन आली म्हणे.

"काय बाई एकेक थेरं," म्हणत मावशी सुई चालवत राहिल्या.

एक तारखेला मशीन आलं. भाऊंनी ते मागच्या खोलीत कोंबलं आणि टेबल स्वतः उचलून खिडकीशी नेलं. "तुम्ही दिसलात की माणसं आत येतात, मावशी."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या लग्नातला कोट घेऊन गिऱ्हाइकासारखे पुढ्यात उभे. "वीस वर्षांपूर्वी यावर तुम्हीच रफू केला होता. आता त्याच जागी लाल करून द्या."

मावशींनी कोट उजेडात धरला, बाह्या पालथ्या केल्या, चष्मा पुसून पुन्हा लावला. भाऊही वाकले. दोघांनी इंच न् इंच धुंडाळला.

"नक्की कुठे होता हो, भाऊ?"

"आता मलाच विचारा!"