खांद्यांवरचा ट्रक

प्रिय ईशा आणि नील, काल व्हिडिओवर तुम्ही तुमच्या रिमोटच्या ट्रकची पिचकलेली चाकं दाखवलीत, आणि मला सिल्व्हर पार्कमधलं आमच्या बिल्डिंगमागचं मैदान आठवलं.

तुमची आई तेव्हा कॉलेजात होती. तिचा रिमोटचा ट्रक प्रत्येक वळणावर उलटायचा, कारण रबरी टायरांच्या आतला फोम पार चपटा झाला होता. मैदानावरच्या ट्रकांच्या शर्यतीला जेमतेम तास उरला होता. शेजारचे केतनभाई हसत म्हणाले, "बेबी, इसको शोकेस में रख दे."

तिचे डोळे भरून आले. मी कपाटातून ऑफिसचे जुने ड्रेस काढले, खांद्यांतले पॅड उसवले आणि त्यांच्या पट्ट्या मोजून कापून चारही टायरांत बसवल्या.

"आई, हे चालेल?"

"पंधरा वर्षं ऑफिसात माझे खांदे ताठ ठेवलेत यांनी!"

शेवटच्या वळणावर ट्रक धुळीत कलला, थरथरला आणि सरळ झाला. ती दुसरी आली.

"भाभी, टायर में क्या डाला?"

"मेरे कंधे, केतनभाई."

तेव्हा मला माझ्या कात्रीचा अभिमान वाटला होता. आज वाटतो तो डोळे पुसून रिमोट उचलणाऱ्या तिचा.

ट्रक केव्हाच मोडीत गेला. एक टायर माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. दाबला, की अजून फुगून वर येतो.