चार टोपणं तेल

कवळीकाकांची स्कूटर गल्लीत शिरली की आधी आवाज येई, मग धूर आणि मग काका. आवाज बत्तीस वर्षं जुना होता. धूर मात्र याच वर्षीचा.

काका दातांच्या कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांचं टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, बारीक कानशी आणि दातांच्या सोळा छटांची एक पट्टी. रंग ते फक्त सकाळच्या उजेडात ठरवतात. दिव्याखाली सगळेच दात सारखे दिसतात, असं त्यांचं म्हणणं. तयार कवळ्या अकरा दवाखान्यांत पोचवायच्या, तिथून नवे साचे आणायचे, हे सगळं स्कूटरवर. पुढच्या डिकीत त्यांनी स्पंज कापून जबड्यांना बसायला खोबण्या केल्या आहेत. एकदा ते बसने गेले होते, तेव्हा एका वकिलाच्या खालच्या जबड्याचे दोन तुकडे झाले. त्यानंतर बस नाही.

त्यांच्या पत्नीला गल्ली सिस्टर म्हणते. चौतीस वर्षं वॉर्डात नोकरी करून ती निवृत्त झाली. वॉर्ड सुटला, सवयी सुटल्या नाहीत. घरातल्या प्रत्येक औषधाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख असते.

स्कूटर दोन-स्ट्रोक. तिला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात मापाने तेल मिसळावं लागतं. तीन लिटरला साठ मिलिलिटर. कमी पडलं तर इंजिन जाम होतं, जास्त झालं तर धूर होतो. काका दर रविवारी कोपऱ्यावरच्या पंपावर जातात, सीट उचलतात आणि सोबत नेलेल्या बाटलीतून स्वतःच्या हाताने तेल ओततात. पंपावरच्या माणसाला ते बाटलीला हात लावू देत नाहीत.

या वर्षी धुराच्या तपासणीत स्कूटर नापास झाली. तपासनिसाने सायलेन्सरमधली नळी काढली, आकडा पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, ही स्कूटर आहे की डास मारायचं मशीन?"

काकांनी सायलेन्सर साफ करून घेतला, प्लग बदलला आणि पुन्हा गेले. पुन्हा नापास. तिसरी वेळ शेवटची होती. त्यातही नापास झाली तर गाडी कायमची रस्त्यावरून बाद. अडुसष्टाव्या वर्षी काका नवी गाडी शिकणार नव्हते. शहरात एक मोठी लॅब झाली होती, तिची मुलं दिवसातून दोनदा दवाखान्यांत चकरा मारत. स्कूटर गेली की अकरा दवाखाने तिकडे जाणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

त्यांच्या मेकॅनिकला सगळे लंबू म्हणतात. त्याने प्लग काढून काकांच्या नाकासमोर धरला. प्लग काळा आणि ओला होता.

"काका, तेल जास्त पडतंय."

"शक्य नाही. मी मोजून घालतो."

"मग दोनदा मोजत असाल. डोळ्यांत तेल घाला, टाकीत नको."

लंबू स्वतःच्या विनोदावर हसला. काका हसले नाहीत. त्यांचे वडील शेवटच्या वर्षांत जेवून उठायचे आणि पुन्हा पानावर येऊन बसायचे. तेव्हा घरात सगळे हसत असत. हसणाऱ्यांत काकाही होते.

त्या आठवड्यात त्यांनी दोन गोष्टी केल्या. तेलाच्या बाटलीवर, जिथवर तेल होतं तिथं, पेनने रेघ मारली. आणि एका बाईंची कवळी तयार असूनही तिचा साचा पुन्हा काढून चारदा तपासला. सिस्टर दारातून पाहत होती. "पुरे की आता," ती म्हणाली, "बाईंचं लग्न आहे का?"

रविवारी लंबूने टाकी पूर्ण रिकामी केली. तीन लिटर नवं पेट्रोल आणि आपल्याकडचं साठ मिलिलिटर तेल त्याने स्वतः मोजून मिसळलं. त्यातलं थोडं काचेच्या लहान बाटलीत भरून काकांना दिलं. "ही ठेवा. बुधवारी थेट तपासणीला न्या. तोवर टाकीला हात लावू नका."

घरी आल्यावर काकांनी पत्नीला एवढंच सांगितलं, "टाकी भरून आणली." आणि ते आंघोळीला गेले.

सोमवारी सकाळी त्यांना राहवलं नाही. रबरी नळीने त्यांनी टाकीतलं घोटभर पेट्रोल तशाच दुसऱ्या बाटलीत काढलं. तेलामुळे पेट्रोलला निळसर रंग चढतो. दोन्ही बाटल्या त्यांनी खिडकीत, उजेडासमोर शेजारी शेजारी धरल्या. दुसऱ्या कुणाला फरक कळला नसता. काकांना कळला. टाकीतलं पेट्रोल एका छटेने गडद होतं.

रविवारपासून त्यांनी तेल घातलं नव्हतं. निदान त्यांना आठवत तरी नव्हतं. ते उठले, फळीवरची तेलाची बाटली काढली. तेल रेघेला लागूनच होतं, केसभरही खाली नाही. जीव भांड्यात पडला तसे ते स्टुलावर बसले.

सिस्टर चहा घेऊन आली. खिडकीतल्या दोन बाटल्या पाहून थबकली.

"हे काय, कुणाची लघवी तपासताय?"

"टाकीत तेल तू घातलंस?"

तिने कप खाली ठेवला. खोटं बोलायचा तिला सराव नव्हता. "दर रविवारी घालते. तुम्ही आंघोळीला गेलात की. माझी बाटली वेगळी आहे. खोकल्याच्या औषधाचं टोपण पंधरा मिलिलिटरचं असतं. चार टोपणं."

"कधीपासून?"

"त्या उतारावर पडलो तेव्हापासून."

अकरा महिन्यांपूर्वी एका उतारावर इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि दोघं आडवी झाली होती. तिचं कोपर सोललं होतं. काकांनी तेव्हा पिस्टनला दोष दिला होता. लंबूने पिस्टन बदलला आणि टाकीत तेलाचा थेंब नसल्याचं फक्त सिस्टरला सांगितलं होतं.

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही विसरायला लागलात, असं तोंडावर सांगू? वॉर्डात नाही आम्ही असं सांगत. गोळी द्यायची आणि गप्प बसायचं."

"अगं, एकदाच विसरलो, ते मला कळलं होतं! तेव्हापासून पंपावर दोन-दोनदा बघून घालतो मी."

सिस्टर त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली, जिथे दातांचा रंग जुळवून घ्यायला आलेले बसतात.

"म्हणजे तुम्हीपण घालत होतात आणि मीपण," ती म्हणाली. "डबल डोस. चौतीस वर्षांत एका पेशंटला डबल डोस नाही दिला मी. आणि दिला तो तुमच्या स्कूटरला."

"पेशंट जिवंत आहे," काका म्हणाले. "नुसता खोकतोय."

तिला हसू आलं, पण डोळे पुसावे लागले. काकांनी तिच्याकडे न बघता चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. तो त्यांचाच होता.

लंबूने टाकी पुन्हा रिकामी केली. या वेळी सिस्टर सोबत होती आणि लंबूच्या मापाला तिने दोनदा नाक मुरडलं. बुधवारी स्कूटर पास झाली. तपासनिसाने आकडा पाहिला, मग काकांकडे पाहिलं. "आजोबा, मशीन बिघडलं वाटतं." प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत काका त्याच्यावर रागावले नाहीत. नंतर रागावले.

पुढचा नियम सिस्टरचा. वॉर्डात दोन नर्स एकाच पेशंटला पाहत असतील तर खाटेला कागद अडकवलेला असतो, औषध देईल तिने तिथं सही करायची. सही असेल तर द्यायचं नाही. नसेल तर द्यायचं. तिने एक जाड कार्ड आखलं, तारीख, माप, सही असे रकाने केले आणि सीटच्या खालच्या बाजूला चिकटवलं. रविवारी पंपावर तेल ओतून झालं की काका खिशातलं पेन काढतात आणि सही करतात. पंपावरच्या माणसाने पहिल्यांदा विचारलं, "कुणाला दाखवायचं असतं हे?"

"मेट्रनला," काका म्हणाले.

घरी आल्यावर ते आंघोळीला जातात. सिस्टर बाहेर येते, सीट उचलते, सही बघते आणि सीट खाली करते.

चार महिने कार्डावर एकच अक्षर होतं, काकांचं, बारीक आणि उजवीकडे झुकलेलं. पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी तिने सीट उचलली तर रकाना रिकामा होता. काकांच्या बाटलीतलं तेल मागच्या आठवड्याइतकंच होतं. सिस्टरने आत जाऊन टोपण आणलं, चार वेळा भरून ओतलं आणि काकांच्या सहीखाली, पुढच्या ओळीत, आपली सही केली. आंघोळ करून आलेल्या काकांना तिने जेवायला वाढलं. बोलली ती पडद्याच्या कापडाविषयी.

काकांनी ती सही पुढच्या रविवारी पंपावर पाहिली. मागे दोन गाड्या थांबल्या होत्या, पहिल्याने हॉर्न वाजवला. काकांनी घाई केली नाही. मोजून तेल ओतलं. तिच्या सहीखाली आपली सही केली. मग सीट खाली केली, किक मारली आणि घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी एकदा हॉर्न वाजवला. एरवी ते कधी वाजवत नाहीत.