माझ्या वाटणीचं इंग्रजी

महाराजांच्या राज्यात, अख्ख्या कोल्हापुरात, माझ्याइतकं फर्डं इंग्रजी बोलणारा दुसरा गडी नव्हता, हे मी कुणाच्याही समोर छाती ठोकून सांगेन. फक्त ते निम्मं होतं. आणि जे निम्मं होतं, ते बाईचं होतं.

हसू नका. हसायची जागा अजून आलेली नाही. आली की सांगतो. आमच्या मास्तरांनी मला तसंच शिकवलंय.

मी मूळचा गडमुडशिंगीचा. शिकायला म्हणून कोल्हापुरात बोर्डिंगात राहायचो. किती शिकलो ते विचारू नका, मास्तरांनाही त्याचा पत्ता लागला नाही. इंग्रजीचे मास्तर मोठे विद्वान, पण नाटकवेडे. त्यांचं म्हणणं, इंग्रजी व्याकरणानं येत नाही, नाटकानं येतं. त्यांच्याकडं एक जुनं इंग्रजी नाटक होतं. विनोदी. विलायतेत म्हणे लोकांच्या तीन-चार पिढ्या ते बघून पोट धरून हसल्या होत्या. आमच्या वर्गात मास्तरांनी ते पहिल्यांदा वाचलं, तेव्हा चाळीस पोरांत एकाच्याही तोंडावरची माशी हलली नाही.

मास्तर कळवळून म्हणाले, "अरे, विनोद आहे हा!"

बाबालाल म्हणून माझा दोस्त होता, शिंप्याचा पोरगा. तो उठून म्हणाला, "मास्तर, मग आधी सांगायचं की!"

तेव्हापासून मास्तरांनी रीतच पाडली. जिथं विनोद, तिथं तांबड्या पेन्सिलीनं लिहायचं, 'येथे हसावे'. मास्तरांनी छडी वर केली की चाळीस पोरं एका सुरात "हा हा हा!" छडी खाली, की सगळे गप्प. पहिल्या दिवशी हेडमास्तर धावत आले. त्यांना वाटलं, दंगा झाला.

नाटक असं होतं. एक श्रीमंत पोरगी. तिचा बाप तिला एका म्हाताऱ्या जमीनदाराच्या गळ्यात बांधायला निघालेला. पोरीचं मन एका कप्तानावर. कप्तान घरात आला की बापाची चाहूल लागायची, आणि बापाची चाहूल लागली की कप्तान कपाटात. सबंध नाटकात तो गडी जेवढा कपाटात राहिला, तेवढा पलटणीत तरी राहिला असेल का, शंकाच आहे.

ते नाटक शाळेच्या संमेलनात करायचं ठरलं. बाबालाल कप्तान झाला, कारण कप्तानाचा तांबडा कोट त्याच्या घरीच शिवून होणार होता. मला मिसरूड फुटलं नव्हतं, कंबर बारीक. म्हणून पोरगी मी.

आता पुढचं नीट ऐका, कारण घोळ इथंच झाला. पुस्तक एकच, पोरं अनेक. मग मास्तरांनी नाटक कंपनीची पद्धत काढली. ज्याला जेवढं बोलायचं, तेवढंच त्याला कागदावर उतरवून द्यायचं. ह्याला नक्कल म्हणतात. समोरचा काय बोलतो ते नकलेत नसतं. त्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे लिहिलेले असतात. ते कानावर पडले की आपण सुरू व्हायचं.

शिकणाऱ्याची केवढी सोय बघा! बाबालाल समोर उभा राहून लांबलचक भाषण करायचा. मी आपला खुशाल बोर्डिंगातल्या आमटीचा विचार करत उभा. शेवटचे दोन शब्द पडले, की माझं तोंड आपोआप चालू. माझ्या वाक्यांचा अर्थ मास्तरांनी सांगितला होता. त्याच्या वाक्यांचा मी विचारलाच नाही. मला उत्तर द्यायचं होतं. समजून कशाला घ्यायचं होतं?

बरं, नुसती वाक्यं पाठ करून भागत नव्हतं. बोलताना मान वाकडी, आवाज बारीक, डोळ्याला रुमाल. विनोद झाला की मनात पाच आकडे मोजून हशासाठी थांबायचं. आणि तिसऱ्या अंकात कप्तान 'इज इनफ' म्हणाला, की गुडघा न वाकवता सरळ मागं पडायचं. बेशुद्ध. मागं धावत येऊन बाबालाल झेलायचा. मान जरा सरळ राहिली की मास्तरांची छडी पोटरीवर बसायची. शेवटी असं झालं, की मान वाकडी केली तरच माझ्या तोंडून इंग्रजी यायचं. मान सरळ केली की बंद!

संमेलन झालं. लोकांनी बाबालालच्या कोटाला टाळ्या दिल्या. मी दिवाळीला गावी गेलो.

गावात पारावर चार माणसं बसलेली. वडील म्हणाले, "दत्तू, पावण्यास्नी इंग्रजी बोलून दाखीव."

आमचे पाटील समोरच होते, गलमिशा वगैरे. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो. तोंड गंभीर. म्हणालो, "ओ माय कॅप्टन, आय कॅनॉट लिव्ह विदाउट यू!" म्हणजे, माझ्या राजा, तुझ्याविना मला जगवत नाही.

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "खणखणीत हाय की! काय म्हनलास?"

"म्हनलं, औंदा पीकपाणी झ्याक हाय."

"व्हय, हायच की!"

मग मला चेवच आला. वाण्याला म्हणालो, गुरवाला म्हणालो, तालमीच्या वस्तादाला सुद्धा म्हणालो. आठ दिवसांत निम्म्या गावावर मी प्रेम जाहीर केलं आणि सगळ्यांनी पाठीवर हात फिरवून आशीर्वाद दिला. दत्तू इंग्रजीत पाण्यासारखा बोलतो, ही बातमी फिरत फिरत उन्हाळ्यात कोल्हापुरात मामापर्यंत गेली.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. राधानगरीकडं रानात धरणाची मोजणी चालली होती. त्या कामावरच्या एका इंजिनेर साहेबाच्या हापिसात मामा शिरस्तेदार. मोडी लिहिण्यात हात धरणारा कुणी नाही, पण इंग्रजी म्हणाल तर दोनच शब्द. 'यस सर'. त्या दोन शब्दांवर मामानं वीस वर्षं काढली होती. आणि ह्या मामाला एक मुलगी होती, कृष्णी. मामाची मुलगी म्हणजे माझा हक्कच. पण मामा शहरात राहून बिघडलेला.

"हक्क गावाकडं," मामा म्हणाला. "साहेबाला रानात मजुरांशी बोलायला इंग्रजी येणारा माणूस पायजे. तिथं चिकटलास तर कृष्णी तुझी. न्हायतर कागलचं स्थळ आलंय, त्यास्नी ह्याच पंधरवड्यात होकार कळवतो."

मी म्हणालो, "मामा, कागलकरांना आत्ताच न्हाय म्हणून सांगा."

कृष्णी पाण्याचा तांब्या घेऊन आली. खाली बघतच म्हणाली, "इंग्रजी येतं म्हणं?"

"येतं की. फाडफाड!"

"मग साहेब इचारंल ते समजंल न्हवं?"

मी हसलो. बायकांच्या शंका!

तर दुसऱ्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावर. टेबलावर भला मोठा नकाशा पसरलेला. साहेब खुर्चीत. मी पुढं. माझ्या मागं मामा, पांढरा कोट, नवा फेटा, दोन्ही हातांत शाईची दौत. साहेबाला सही करायला लागते म्हणून.

साहेबानं नाव विचारलं. ते पहिल्या इयत्तेतलं होतं, सांगितलं. मग साहेब लांबलचक काहीतरी बोलायला लागला. तो बोलायला लागला तसा मी सवयीनं निवांत झालो. भिंतीवर सांबराचं मुंडकं होतं, ते बघत बसलो. शेवटचे दोन शब्द तेवढे कानावर आले. "...युवर फादर?"

माझा बाप काय करतो, एवढंच त्याला हवं होतं, हे मला मागाहून कळलं. पण नाटकात कप्तानाचं पहिलं भाषण नेमकं ह्याच शब्दांवर संपायचं. पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. मान वाकडी झाली, आवाज बारीक झाला आणि तोंडातून निघालं, "माय फादर मस्ट नेव्हर नो! हाइड, सर! इन द कपबोर्ड!"

म्हणजे, माझ्या बापाला कळता कामा नये! लपा, साहेब! कपाटात लपा!

आणि मी साहेबाच्या दप्तराच्या कपाटाकडं बोट दाखवलं. आणि थांबलो. इथं तांबडी पेन्सिल होती, 'येथे हसावे'. मनात पाच आकडे मोजले. साहेब काही हसला नाही.

मागून मामा पुटपुटला, "शाब्बास रं वाघा! जोरात चाललंय!"

साहेबानं मामाकडं बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, हा पोरगा वेडा आहे काय?

"यस सर," मामा म्हणाला.

पहिल्यापासून असाच आहे?

"यस सर."

आणि ह्याला मी नोकरीवर ठेवावं म्हणतोस?

"यस सर!" हे मात्र अगदी टाचा जुळवून.

साहेबानं कपाळाला हात लावला आणि स्वतःशीच म्हणाला, "क्वाइट मॅड." झालं! हेही माझ्या नकलेत होतं. मी रुमाल काढला, छातीवर हात ठेवला आणि साहेबाच्या डोळ्यांत बघत म्हणालो, "मॅड फॉर लव्ह ऑफ यू!"

साहेब तांबडालाल झाला. खुर्ची मागं सारून उठला. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "दॅट इज इनफ!"

तुम्हीच सांगा, आता माझा काय दोष?

केळ तोडल्यासारखा, गुडघा न वाकवता, मी सरळ मागं पडलो. मागं बाबालाल असणार, ही पोटरीला शिकवण. मागं होता मामा. एका बाजूला सरकारी शाई, दुसऱ्या बाजूला बहिणीचा पोरगा. मामानं मला झेललं, हे मी त्याच्या मोठेपणात धरतो. दौत वर उडाली. निम्मी शाई मामाच्या फेट्यावर, उरलेली नकाशावर. धरण बांधायच्या आधीच राधानगरीच्या रानात तळं साचलं.

मी डोळे मिटून मामाच्या हातांवर पडलेलो. मामाच्या नाकावरून शाई माझ्या गालावर ठिबकत होती. म्हटलं, गेली नोकरी. गेली कृष्णी कागलला.

आणि मग साहेब हळूच काहीतरी बोलला. वेगळ्याच आवाजात. लांबलचक. त्याचे शेवटचे दोन शब्द ऐकले आणि माझे डोळे टक्क उघडले. ते बाबालालचे होते! मी पडूनच माझं वाक्य म्हणालो. साहेब पुढचं म्हणाला. मी पुढचं. असं आमचं अंक संपेपर्यंत चाललं. आणि अंक संपल्यावर साहेब खुर्चीत बसून जे हसायला लागला, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसला कुठं, तर जिथं मास्तरांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं तिथं.

डोळे पुसत तो आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "हम भी इस्कूल में यही छोकरी बना था!"

म्हणजे साहेबही पोरगीच! पण त्याला कप्तानाचंही पाठ होतं. विलायतेत प्रत्येकाला अख्खं पुस्तक मिळत असावं.

मग त्यानं मला हिंदुस्थानीतच नीट विचारलं आणि मी नीट सांगितलं. नकलेचं, मामाचं, कृष्णीचं, कागलकरांचं, सगळं. साहेब म्हणाला, ठीक. पावसाळाभर दुसऱ्याची नक्कल पाठ कर, अर्थासकट. पाऊस संपला की ये. आलं तर नोकरी. मला धीर आला, पण पंधरवड्याचं काय? साहेबानं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला आणि मामाकडं वळून, मलाही कळावं अशा सोप्या इंग्रजीत विचारलं, तोवर मुलगी ह्याच्यासाठी ठेवशील ना?

निळा फेटा, निळं नाक. टाचा जुळवून मामा म्हणाला, "यस सर!"

घरी येताना वाटेत मी त्याला अर्थ सांगितला. रंकाळ्यापर्यंत मामा माझ्यापुढं दहा पावलं तणतणत चालला. पण साहेबापुढं दिलेला शब्द. मोडणार कसा?

पावसाळाभर बाबालालच्या दुकानात बसून मी कप्तान पाठ केला. नोकरी लागली. लग्न झालं. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा मामा माझ्या मागं उभा राहायला काही केल्या तयार होईना.

एकंदरीत त्या फजितीनं माझं भलंच केलं. तेव्हापासून कानाला खडा लावला. समोरचा माणूस बोलायला लागला की पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कान देऊन ऐकायचं, ही सवय मला जी लागली ती आजतागायत. हे मी पोरांना सांगतो, नातवंडांना सांगतो, आणि आत्ता तुमच्यासाठी लिहीतच होतो, तोवर चुलीपाशी बराच वेळ कृष्णीचं काहीतरी चाललं होतं. शेवटी ती म्हणाली, "...काय करू?"

"कर की," मी लिहिता लिहिता म्हणालो.

उलथनं हातात घेऊन ती दारात येऊन उभी राहिली.

"अवं, काय कर की? मघाधरनं मी काय सांगतीया, सांगा बघू. शेवटचं दोन शब्द सोडून!"