स्वतः गाडी होणाऱ्या ताई

रिकाम्या पार्किंगमध्ये मधोमध उभ्या राहून आमच्या एजंट ताई दोन्ही कोपरं बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, "मी गाडी. दारं उघडलीत. आता बोला."

भाड्याचं घर शोधताना तुम्हीही एजंट पाहिले असतील. ते आधी हॉल दाखवतात, मग बाल्कनीतला वारा. पार्किंगचं विचारलं की "होऊन जाईल" म्हणतात. या ताई आधी पार्किंग दाखवायच्या. वरच्या घरांची त्यांना फारशी माहिती नसायची. एकदा बेडरूम म्हणून त्यांनी मोठ्या ऐटीत भिंतीतलं कपाट उघडलं होतं.

आमची अडचण आईची होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. कळव्याच्या आमच्या बिनलिफ्टच्या घरातून ती बाहेर पडेनाशी झाली होती. गाडीचं दार पुरतं उघडलं तरच तिला स्वतःहून उतरता यायचं. नाहीतर आम्ही नवरा-बायकोनं ओढून काढायचं. "मी काय पार्सल आहे?" म्हणायची.

मी टेप घेऊन हिंडायचो. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ मीच शोधलेली एक जागा मापात चोख बसली. ताईंनी ती फोनवरच मोडीत काढली. "दादा, नवरात्रात देवीच्या गर्दीत तिथून गाडी बाहेर कशी काढणार? उडवत?"

शेवटी कल्याणला घर पसंत पडलं. पण भाडेकरू म्हणून आम्हाला मिळाली दोन खांबांमधली जागा. ताईंचं कोपर खांबाला आपटलं. लिफ्टसमोरच्या ऐसपैस जागेत पहिल्या मजल्यावरच्या काकांची जुनी गाडी कव्हर घालून उभी होती. ताईंनी काकांनाच खाली बोलावलं.

"चालते का हो काका?"

"चालेल की. बॅटरी तेवढी नाही."

"आणि चाकांत हवा?"

"तीही नाही."

"मग उभी कशी आहे? तुमच्या धाकानं?"

काका हसले नाहीत. कव्हरवरून हात फिरवत म्हणाले, "हिला फार आवडायची. शिर्डीला जायचो आम्ही."

हिला म्हणजे गेलेल्या काकूंना, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

"काका, गाडी खांबांमध्ये ठेवली तर तिला कोणी धक्काही लावणार नाही," ताई हळूच म्हणाल्या. "स्टिअरिंगवर तुम्ही बसा. ढकलतो आम्ही."

काका जे वर गेले ते इस्त्रीचा शर्ट घालूनच आले. सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुरत होते, त्यांनाही ताईंनी मागे उभं केलं. हवा भरली आणि आम्ही ढकलू लागलो. हॉर्न बंद होता, म्हणून काका तोंडानंच "पॉं पॉं" करत होते. त्या दहा-बारा पावलांच्या प्रवासात त्यांनी दोनदा आरशात बघून भांग सारखा केला.

मग आमची गाडी लिफ्टसमोर लागली. आईनं दार पूर्ण उघडलं, एक पाय बाहेर टेकवला, मग दुसरा. मी हात पुढे केला.

"बाजूला हो," ती म्हणाली. चालत गेली, लिफ्टचं बटण दाबलं आणि आम्हाला कोणालाही न घेता वर निघूनही गेली.

ताई आता मुलीकडे नाशिकला असतात. मला मात्र आठवतात त्या दिवशीच्याच ताई: धुळीचे हात ओढणीला पुसत लिफ्टच्या वर जाणाऱ्या आकड्यांकडे मान उंचावून बघणाऱ्या आणि सेक्रेटरींना म्हणणाऱ्या, "गेल्या की हो आपल्याला सोडून."