सोनचाफ्याची टोपली

नव्वदच्या दशकात उमेळे गावाहून स्टेशनला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात एक फुलवाली मावशी रोज माझ्या आणि एका अबोल मुलीच्या मध्ये बसायची. सोनचाफ्याची पसरट टोपली आमच्या गुडघ्यांवर ठेवायची. "दोघांनी धरा रे पोरांनो, एकट्याला नाय पेलायची," म्हणायची आणि डोळे मिटून घ्यायची. टोपली सावरता सावरता, त्या वासात, आम्ही बोलू लागलो. एरवी माझी जन्मात हिंमत झाली नसती.

आता कॉलेजात रसायनशास्त्रातले उत्प्रेरक शिकवताना मी सांगतो, उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर दोन रेणू जवळ येतात, मधला ऊर्जेचा चढ कमी होतो, वेगळी वाट सापडते. उत्प्रेरक मात्र होता तसाच राहतो. तेव्हा मला स्टेशनवर उतरणारी मावशी दिसते. त्या मुलीशी माझा संसार थाटला गेला, आणि मावशीच्या टोपलीतलं एक फूलही कमी झालं नव्हतं.