आविन्योंच्या हॉटेलातली लिफ्ट

दोस्तांनो, दिवाळीनंतर फ्रान्समधल्या आविन्यों नावाच्या जुन्या, तटबंदीच्या शहरात चार दिवस राहायला जायचं आमच्या घरात चाललंय. पण आमच्या हिचे गुडघे दुखतात. हिनं आधीच सांगून टाकलं होतं, "पायऱ्या असल्या तर मी न्हाई येणार. तुम्ही बापलेकी जा."

आज दुपारी तिथल्या एका साध्या हॉटेलला फोन लावला. लेक इंग्रजीत बोलत होती, फोन स्पीकरवर. मालकीणबाई म्हणाल्या, "खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. थांबा, फोन घेऊनच वर जाते आणि खिडकीतून काय दिसतं ते सांगते."

मी जालन्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत मोठा झालो. मोटार फिरली की कानाला कळतंच. इथं मात्र फोनमधून मोटारीचा आवाजच न्हाई, लाकडी पायऱ्या करकरत होत्या आणि बाईंना धाप लागलेली.

मी लेकीला म्हणालो, "विचार त्यांना, लिफ्ट आहे तर पायऱ्या का चढून राह्यल्या?"

बाई खळखळून हसल्या. लिफ्ट होती, पण बंद! कधी सुरू होईल ते त्यांनाही माहीत न्हाई. त्यांनी लगेच तळमजल्यावरची, अंगणाकडची खोली दिली.

इतका वेळ मेथी निवडत बसलेली ही आता म्हणाली, "अहो, माझा पासपोर्ट कुठं ठेवलाय तुम्ही?"

माझा जीव भांड्यात पडला.

बाई खोटं बोलल्या न्हाईत. 'चालू आहे का' हे मीच विचारलं न्हाई. फोनवरून खोली ठरवताना तुम्ही काय विचारायला विसरलात?